सगळ्यांना नुसती रिंग, उचलत कोणीच नाही: ऑफिस सर्व्हरच्या डायल-इनचं दुखणं कुठे शोधायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. मला समजला तो असा: पतसंस्थेचं हेड ऑफिस, तिथे विंडोज २००० सर्व्हर, त्याला चार एक्स्टर्नल मोडेम (टेलिफोन लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारे बाहेरचे डबे), चार टेलिफोन लाइनी हंटिंगवर (एकच नंबर, एक लाइन एंगेज असली की कॉल पुढच्या लाइनवर), आणि नऊ शाखा संध्याकाळी हिशोब बंद झाला की विंडोज ९८ च्या मशीनवरून डायल करून दिवसाचा डेटा पाठवतात. त्रास तीन. एक, आठवड्यातनं दोनतीनदा सगळ्याच शाखांना नुसती रिंग ऐकू येते, कोणी उचलत नाही, सर्व्हर रिस्टार्ट केला की चालू. दोन, दोन शाखांचं कनेक्शन युजरनेम-पासवर्ड तपासतानाच अडकतं, कधी लागतं कधी नाही. तीन, पाऊस लागला की एका शाखेची लाइन पाचसात मिनिटांनी तुटते. आणि व्हेंडर म्हणतो सर्व्हर फॉरमॅट करा आणि चारही मोडेम नवे घ्या.

आधी हे सांगतो की यातलं काहीच आत्ता करू नका. फॉरमॅट करून यातला एकही त्रास जाणार नाही, आणि नवे मोडेम आणले तरी दोन आठवड्यात परत इथेच याल. हे तीन वेगवेगळे आजार आहेत, तिघांना एक औषध शोधत बसलं की माणूस महिनोन् महिने सेटिंगच बदलत राहतो.

मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझी पद्धत एकच आहे, कॉल नेमका कुठे मरतो ते आधी बघायचं, तोपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. कॉल टप्प्याटप्प्याने जातो: एक्स्चेंज रिंग देतं, मोडेम ती सर्व्हरला कळवतो, सर्व्हर उचल म्हणतो, मग दोन मोडेम शिट्ट्या मारून एकमेकांशी जुळवून घेतात, मग पीपीपी (फोन लाइनवर नेटवर्क चालवायची भाषा) सुरू होतं, मग पासवर्ड, मग आयपी ॲड्रेस, आणि मग तुमचं सॉफ्टवेअर. तुमचा पहिला त्रास उचलण्याच्या आधीचा आहे, दुसरा शिट्ट्यांच्या नंतरचा आणि तिसरा तर सगळं जुळल्यानंतरचा.

आता पहिला. सगळ्यांना रिंग आणि उचलत कोणी नाही, हे वाचून माणसाला वाटतं सर्व्हरच झोपला. पण हंटिंग कसं चालतं ते बघा. एक्स्चेंज कॉल पहिल्या लाइनवर टाकतं, ती एंगेज असेल तरच दुसरीवर जातं, दुसरी एंगेज असेल तर तिसरीवर. पहिली लाइन मोकळी आहे पण कोणी उचलत नाहीये असं असेल तर साधं हंटिंग पुढे जात नाही, ते तिथेच रिंग देत बसतं. म्हणजे पहिल्या लाइनवरचा एकच मोडेम बहिरा झाला तर बाकीचे तीन धडधाकट मोडेम रिकामे बसून राहतात आणि नऊच्या नऊ शाखांना वाटतं की हेड ऑफिस बंद आहे. तुमच्याकडे हेच होतंय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय, कारण चार मोडेम एकाच मिनिटाला बिघडत नाहीत.

तपासायचं कसं? पुढच्या वेळी असं झालं की सर्व्हर रिस्टार्ट करू नका. पहिल्या मोडेममधून टेलिफोनची वायर काढा, साध्या फोनला लावा आणि रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून द्या. लाइन एंगेज झाली. आता शाखेला डायल करायला सांगा. कॉल दुसऱ्या मोडेमवर जाऊन लागला तर निदान झालं, आणि शिवाय त्या संध्याकाळचं काम तीन लाइनींवर निभावून जाईल. ही युक्ती ऑफिसातल्या एकदोन माणसांना शिकवूनच ठेवा, तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी लागेल.

मग तो पहिला मोडेम बहिरा का होतो? इथे मोडेमच्या पुढच्या बाजूचे दिवे बघायचे, एक्स्टर्नल मोडेमचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे. टीआर म्हणजे सर्व्हरने पोर्ट उघडून ठेवलाय. सीडी म्हणजे समोरच्या मोडेमचा कॅरियर, म्हणजे त्याचा चालू असलेला सूर, मिळतोय. ओएच म्हणजे मोडेमने लाइन उचललीय. कॉल नसताना टीआर लागलेला पाहिजे, सीडी आणि ओएच विझलेले पाहिजेत. कॉल नसताना सीडी लागलेलाच असेल तर कोणीतरी मोडेमला &सी० करून ठेवलंय, म्हणजे कॅरियर असो नसो, आहे असंच सांग. टीआर विझलेला असेल तर बाहेरून येणारे कॉल घेणाऱ्या विंडोजच्या रिमोट ॲक्सेस सर्व्हिसने तो पोर्ट सोडून दिलाय, नाहीतर ती वायरच पोचत नाहीये.

वायरीवरून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तुमचं वर्णन तिच्याशी फार जुळतंय. एका औषधांच्या डिस्ट्रिब्युटरकडे अगदी असाच त्रास होता, तिथे तीन मोडेम होते आणि दर दोनतीन दिवसांनी एक बहिरा व्हायचा. मोडेम बदलून झाले, सर्व्हिस पॅक टाकून झाला, सर्व्हरची रॅम वाढवून झाली. मी गेलो तेव्हा बसून दिवेच बघत राहिलो. सातएक वाजता एका एजंटने डायल केलं, शिट्टी सुरू झाली आणि त्याने मधेच फोन कट केला. मोडेमचा सीडी लागलेलाच, ओएच पण लागलेला, आणि समोर कोणीच नाही. मी केबल काढली, मोडेमच्या बाजूच्या २५ पिनच्या कनेक्टरचं कव्हर उघडलं, तर आत तीनच वायरी: २, ३ आणि ७, म्हणजे डेटा पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची. सर्व्हरच्या बाजूचं ९ पिनचं कव्हर उघडलं तर तिथे १, ४ आणि ६ नंबरच्या पिना एका तांब्याच्या तुकड्याने एकमेकींना जोडलेल्या, आणि ७-८ चा वेगळा लूप. म्हणजे सर्व्हर डीटीआर (मी तयार आहे असा सिग्नल, टीआर दिवा त्याचाच) पाठवायचा तो वायरीतून मोडेमकडे जातच नव्हता, कनेक्टरच्या आतल्या आत वळून कॅरियर म्हणून त्याच्याचकडे परत यायचा. सर्व्हर स्वतःशीच बोलत होता.

हे का वाईट ते समजून घ्या, कारण नुसतं केबल बदला म्हटलं तर पटत नाही. कॉल संपला की सर्व्हर डीटीआर खाली पाडतो, ती मोडेमला खूण असते की लाइन सोड आणि पुढच्या कॉलला तयार हो. ती वायरच नाही म्हणून कोणीतरी मोडेमला &डी० देऊन ठेवलेलं, म्हणजे डीटीआरकडे बघूच नकोस, कारण तसं केल्याशिवाय तीन वायरींवर मोडेम उचलायलाच तयार नव्हता. मग मधेच तुटलेला कॉल आला की मोडेम ऑनलाइनच समजून बसतो, सर्व्हर त्याला एटी कमांड (एटीने सुरू होणारा मोडेमचा हुकूम) पाठवतो ती मोडेम डेटा समजून लाइनवर ढकलतो, ओके काही येत नाही, शेवटी सर्व्हिस म्हणते या पोर्टवरचा मोडेम उत्तर देत नाही आणि त्याचा नाद सोडते. थोड्या वेळाने मोडेमला कळतं की समोर कोणी नाही, तो लाइन खाली ठेवतो. आता एक्स्चेंजच्या दृष्टीने लाइन मोकळी आहे, रिंग येतेय, पण ती ऐकायला कोणी नाही. आणि ही जर हंटिंगची पहिली लाइन असली तर पुढचं वर सांगितलंच आहे.

तेव्हा तुमचं पहिलं काम म्हणजे चारही केबल तपासणं. कव्हर उघडून बघा नाहीतर मल्टिमीटरने कंटिन्युइटी घ्या. ९ पिनकडून २५ पिनकडे सरळ मोडेम केबल अशी पाहिजे: १ ची ८ ला, २ ची ३ ला, ३ ची २ ला, ४ ची २० ला, ५ ची ७ ला, ६ ची ६ ला, ७ ची ४ ला, ८ ची ५ ला आणि ९ ची २२ ला. नऊच्या नऊ वायरी, एकही लूप नाही. चांगली मोल्डेड केबल घेतलीत तर उत्तम, माऊसबरोबर येणारा छोटा कन्व्हर्टर मात्र मधे लावू नका, त्यातल्या बऱ्याच जणांत सगळ्या पिना जोडलेल्या नसतात.

केबल बरोबर झाली की मगच मोडेमची सेटिंगं. रिमोट ॲक्सेस सर्व्हिस बंद करा (नेट स्टॉप रिमोटॲक्सेस, अर्थात चालू कॉल सगळे तुटतील, म्हणून दुपारी करा), हायपरटर्मिनल (मोडेमला थेट कमांड टाइप करायचा विंडोजमधला प्रोग्रॅम) उघडा, त्या कॉम पोर्टला (मोडेम लावलाय त्या सीरियल पोर्टला) थेट जोडा आणि एटी टाइप करा. ओके आलं पाहिजे. मग एटी&एफ देऊन फॅक्टरीला आणा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (समोरचा भरला की वायरीवरून खूण करून डेटा थांबवायची सोय) चालू करा (रॉकवेल चिपचे असतील तर &के३, यूएस रोबोटिक्स असतील तर &एच१ आणि &आर२), मग &सी१, &डी२ (म्हणजे कॅरियर खरा असेल तेव्हाच दाखव, आणि डीटीआर पडला की लाइन सोड), एस०=० (आपणहून फोन उचलू नको), आणि &डब्ल्यूने सेव्ह करून टाका. मोडेमच्या मागे किंवा खाली डिप स्विच असतील तर तेही मॅन्युअलमधून बघा, कारण मोडेम रीसेट झाला की स्विचप्रमाणे वागतो आणि तुम्ही सेव्ह केलेलं बाजूला राहू शकतं. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, अंदाजाने स्विच हलवू नका.

एस०=० का, हे बरेच जण विचारतात. वाटतं असं की मोडेमने फोन उचलायचा तर ऑटो आन्सर चालू पाहिजे. नाही. विंडोजमध्ये रिंग आली की सर्व्हर स्वतः एटीए पाठवून उचलायला सांगतो. तुम्ही एस०=१ ठेवलंत तर मोडेम पहिल्या रिंगला आपणच उचलतो, तेवढ्यात सर्व्हरचं एटीए येऊन पोचतं, आणि शिट्ट्या चालू असताना सर्व्हरकडून एखादं अक्षर जरी आलं तरी बहुतेक मोडेम जुळवाजुळव सोडून देतात. दोघं एकदम उचलायला गेले की कॉल जातो. शाखेला मात्र ऐकू येतं की फोन उचलला, थोडा आवाज झाला आणि कट.

आणखी एक, कंट्रोल पॅनलमध्ये हे मोडेम स्टँडर्ड मोडेम म्हणून टाकलेत का ते बघा. टाकले असतील तर काढून कंपनीची आयएनएफ (ड्रायव्हरची) फाइल देऊन परत टाका. चारही एकाच मॉडेलचे असतील तर जास्त बरं, निदान करताना अदलाबदल करता येते.

आता दुसरा त्रास, पासवर्डपाशी अडकणं. इथे शाखेला एरर नंबर विचारा, नुसतं लागत नाही म्हटलं तर काहीच कळत नाही. ६९१ असेल तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय, डोमेनचं नाव राहिलंय का बघा. ६४९ असेल तर त्या युजरला डायल-इनची परवानगी नाही, युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल-इन टॅब आहे तिथे ॲलाऊ करा. ७४२ असेल तर एन्क्रिप्शनच्या अटी दोन्हीकडे जुळत नाहीत. हे सगळे नेहमीच येतील किंवा कधीच येणार नाहीत. तुमच्या दोन शाखांना कधी येतं कधी नाही, म्हणजे बहुतेक ७१८ किंवा ७२१ दिसत असणार, समोरच्या कॉम्प्युटरने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि तो पासवर्डचा प्रश्न नसतो. बाइट वाटेत हरवतायत.

वाटेत म्हणजे कुठे, हे ओळखायची एक चांगली खूण आहे आणि ती फार थोडे लोक बघतात. राउटिंग अँड रिमोट ॲक्सेसच्या खिडकीत पोर्ट्सवर जा, चालू कॉलवर राइट क्लिक करून स्टेटस बघा. खाली एररचे आकडे असतात: सीआरसी (डेटा वाटेत बिघडल्याचा), फ्रेमिंग, हार्डवेअर ओव्हररन, बफर ओव्हररन. आता विचार करा, दोन मोडेमच्या मधे व्ही.४२ ची एरर करेक्शन चालू असते, टेलिफोन लाइनवर खरखर झाली तर मोडेम आपापसात परत पाठवून दुरुस्त करून घेतात, कॉम्प्युटरपर्यंत चुकीचा बाइट येत नाही, फक्त स्पीड मंदावतो. तरीसुद्धा सीआरसीचा आकडा वाढतोय म्हणजे बिघाड मोडेम आणि कॉम्प्युटरच्या मधल्या त्या दीड मीटरमध्ये आहे. हार्डवेअर ओव्हररन वाढत असेल तर कॉम्प्युटरला पोर्टवरचे बाइट वेळेत उचलता येत नाहीयेत. सर्व्हरवर हे आकडे शून्याजवळ असतील तर तशीच तपासणी त्या दोन शाखांच्या मशीनवर करा. जुन्या मशीनमध्ये १६४५० प्रकारची यूएआरटी (सीरियल पोर्ट चालवणारी) चिप असते, तिला एका बाइटपुरतीच जागा, १६५५० मध्ये १६ बाइटचा बफर असतो. पोर्टचा स्पीड १,१५,२०० ठेवलाय आणि चिप जुनी आहे असं असेल तर स्पीड ३८,४०० ला आणा, नाहीतर नवं सीरियल कार्ड टाका. कॉम १ आणि कॉम ३ दोघांना इंटरप्ट (पोर्टने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ४, आणि कॉम २ आणि कॉम ४ ला इंटरप्ट ३ दिलेला असतो, हेही बघा. माऊस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असेल तर माऊस हलवला की कनेक्शन अडखळतं. आणि सर्व्हरवर चार मोडेम मदरबोर्डच्या दोन पोर्टवर मावत नाहीत, तेव्हा वरचे दोन कशावर जोडलेत ते कळवा, साध्या आयएसए (जुन्या प्रकारच्या) कार्डावर असतील तर मल्टिपोर्ट सीरियल कार्ड घ्या, व्हेंडर सांगतोय त्या नव्या मोडेमांपेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

५६ के मोडेमचं म्हणाल तर तुमच्याकडे त्याने काही फरक पडणार नाही. १९९८ मध्ये व्ही.९० हे मोडेमचं स्टँडर्ड आलं ते ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) पर्यंत देतं, पण त्यासाठी सर्व्हरची बाजू एक्स्चेंजला डिजिटल लाइनने जोडलेली लागते, इंटरनेट कंपन्यांकडे तसं असायचं. तुमच्या दोन्ही बाजूंना साधी ॲनालॉग लाइन आहे, तिथे ३३,६०० च्या वर जाताच येत नाही, मोडेमवर काहीही छापलेलं असो. २८,८०० किंवा ३१,२०० ला लागत असेल तर चांगली लाइन आहे असं समजा.

तिसरा, पावसाचा. हा सर्व्हरचा नाहीच, तो त्या शाखेच्या लाइनचा आहे. शाखेत साधा फोन लावा, एक आकडा दाबून डायल टोन बंद करा आणि शांतपणे ऐका. खरखर, चरचर किंवा सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर मोडेमला दोष देऊ नका. मी एका गोडाऊनमध्ये असंच ऐकत ऐकत वायरीच्या मागे गेलो होतो, पत्र्याच्या छपराखाली ड्रॉप वायरचा (बाहेरून आत येणाऱ्या टेलिफोन वायरीचा) जॉइंट होता, दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टी उलगडली तर आतून पाणी निघालं आणि तांबं हिरवं पडलेलं, एक तार तर हात लावताच तुटली. उन्हाळाभर त्याच जॉइंटवर व्यवस्थित काम चाललं होतं. तेव्हा लाइनमनला बोलवून बाहेरच्या बॉक्सपासून मोडेमपर्यंत एकसंध वायर टाकून घ्या, मधे जॉइंट नको, आणि टेलिफोन कंपनीला तक्रार देताना मोडेम चालत नाही म्हणू नका, लाइनवर आवाज येतोय म्हणा, ते त्यांच्या कामाचं आहे. पॅरलल फोन काढा. कॉल वेटिंग असेल तर बंद करून घ्या, त्या बीपने कॅरियर क्षणभर तुटतो. लाइन दुरुस्त होईपर्यंत मोडेमचं एस१० हे सेटिंग थोडं वाढवा, कॅरियर गेल्यावर किती वेळ थांबायचं ते त्यात सेकंदाच्या दशांशात असतं, ५० ठेवलंत तर पाच सेकंद. फार वाढवू नका, कारण मग खरोखर तुटलेला कॉलही तेवढा वेळ लाइन अडवून ठेवतो.

लाइन, मोडेम आणि केबल तिन्ही एकदम तपासायचं असेल तर दोन्हीकडे हायपरटर्मिनल घ्या, सर्व्हरकडे तात्पुरतं एस०=१ करा, शाखेतून डायल करा, कनेक्ट आलं की दोन्हीकडून चार ओळी टाइप करा आणि मग एखादी एमबीची फाइल झेडमोडेमने (हायपरटर्मिनलमधली फाइल पाठवायची पद्धत) पाठवा. अक्षरं शुद्ध आली आणि फाइल न अडखळता गेली तर खालचं सगळं ठीक आहे, मग खुशाल विंडोजमध्ये शोधा. टाइप केलेलं येतं पण फाइल अडकते असं झालं तर फ्लो कंट्रोल. झाल्यावर एस०=० परत करायला विसरू नका.

आयपीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून एवढंच, शाखेला १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस मिळत असेल तर सर्व्हरला डीएचसीपी (ॲड्रेस वाटणारी सेवा) सापडत नाहीये, तेव्हा स्टॅटिक पूल (ठरवून दिलेल्या ॲड्रेसची यादी) देऊन टाका, शाखांपेक्षा एक जास्त, कारण एक ॲड्रेस सर्व्हर स्वतःसाठी घेतो.

मोडेम एकावर एक रचून ठेवले असतील तर वेगळे मांडा, मधे हवा खेळू द्या. अडॅप्टर एकमेकांचे लावू नका, काहींना एसी लागतो काहींना डीसी. आणि वळवाच्या दिवसांत, विजा चमकायला लागल्या की काम नसेल तेव्हा टेलिफोनची वायर काढून ठेवा, नुसता पॉवरचा प्लग काढून उपयोग नाही, करंट लाइनवरून येतो आणि मोडेमबरोबर सीरियल पोर्टही घेऊन जातो.

उद्या आधी केबल उघडून बघा. मग फोन अँड मोडेम ऑप्शन्समध्ये प्रत्येक मोडेमच्या डायग्नोस्टिक्स टॅबवर ॲपेंड टू लॉगवर टिक करा, नाहीतर प्रत्येक वेळी जुना लॉग पुसला जातो. परत नुसती रिंग सुरू झाली की पहिल्या मोडेमचे टीआर, सीडी आणि ओएच दिवे लिहून घ्या, वेळ लिहा, आणि लॉगमध्ये त्या वेळेला रिंग आलेली दिसते का, त्यानंतर एटीए गेलंय का ते बघून मला कळवा. त्या दोन शाखांचे एरर नंबरही पाठवा.